भाकरीच्या सोबतीचे काय?

वाशिम जिल्ह्यात खरिपाची पेरणी सुमारे चार लाख हेक्टरांवर होते आणि त्यातील तीन लाखांच्या आसपास क्षेत्र एकट्या सोयाबीनखाली असते. सोयाबीनच्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या घरात प्रथिने आणि अठरा ते वीस टक्के तेल असते. एवढी प्रथिने एकाच हंगामात पिकविणारे जिल्हे महाराष्ट्रात मोजकेच सापडतील. परंतु ज्या शिवारातून हे धान्य बाजार समितीत जाते, त्या शिवारातील घराच्या ताटात काय असते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ताटात रेशनच्या गव्हाची पोळी असते, रेशनचा भात असतो, बटाट्याचा रस्सा असतो आणि फोडणीला किराणा दुकानातून आणलेली पाम तेलाची पिशवी असते. सोयाबीन कारखान्यात जाते, त्याचे तेल वेगळे होते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यत्वे कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ज्याने पिकविले त्याच्या वाट्याला येतो तो पिष्टाचा ढीग. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची समावेश पुढे आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत झाला. त्या आकांक्षांमध्ये रस्ते आहेत, सिंचन आहे, शाळा आहेत. ताट मात्र अजून कोणाच्याच आकांक्षेत आलेले दिसत नाही.

हा विषय केवळ शहरी, सुखवस्तू कुटुंबांच्या वजनकाट्याचा आहे असा एक समज आहे. तो आता टाकून द्यावा लागेल. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानासह केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाखांवर गेली आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मधुमेही शहरात अधिक, ही अपेक्षित गोष्ट त्यात आहेच. परंतु उंबरठ्यावरच्यांचे प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळपास सारखेच, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे. ही बाब कोणत्याही ग्रामीण कार्यकर्त्याची झोप उडविणारी आहे. 'आमचा शेतकरी राबतो, त्याला कसली साखर?' हा भाबडा दिलासा आता उरलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून माता-बालकांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातून एक विलक्षण गोष्ट जगापुढे आली. भारतीय बालक जन्मतः वजनाने कमी भरते, पण त्याच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबीचा वाटा अधिक असतो. अंगाने किरकोळ दिसणारा माणूस आतून स्थूल असू शकतो. कुपोषण आणि मधुमेह ही दोन टोके नसून एकाच दोरीचे दोन पदर आहेत, हे त्या अभ्यासाने दाखविले. वाशिमसारख्या जिल्ह्याला हे दोन्ही पदर एकाच वेळी सोडवायचे आहेत.

कमी कर्बोदकांच्या आहाराची चर्चा गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे, हे खरे. विदर्भाला त्याचे श्रेय विशेष द्यावे लागेल. नागपूरचे व्यासंगी राजकारणी डॉ. श्रीकांत जिचकार २००४ मध्ये अपघातात गेले. परंतु आहार आणि इन्सुलिन यांच्या संबंधाविषयी त्यांनी व्याख्यानांतून जे मांडले, त्याच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याचा मार्ग लोकप्रिय केला. त्याविषयी वैद्यकीय वर्तुळात मतभेद असतील, आहेतही. पण दिवसभर तोंड चालू ठेवण्याच्या सवयीकडे लाखो मराठी कुटुंबांनी प्रथमच सावध दृष्टीने पाहिले, हे नाकारता येणार नाही. अडचण अशी की किती वेळा खावे हे समाजाने चटकन उचलले, काय खावे याची चर्चा मागे पडली. त्या रिकाम्या जागेत मग बाजार शिरला. बदामाचे पीठ, डबाबंद प्रथिनांची भुकटी, 'शुगर फ्री' बिस्किटे. ज्या गावात तूर पिकते त्या गावातील नोकरदार कुटुंबाने प्रथिनांसाठी दोन-तीन हजारांचा डबा मागवावा, यापेक्षा मोठा विनोद कोणता?

दुसऱ्या बाजूला भरड धान्याचा उत्साह आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले, त्यावर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्री अन्न' असे गौरवाचे नाव मिळाले. हे सर्व स्वागतार्हच आहे. ज्वारी-बाजरी खाणे हे दारिद्र्याचे लक्षण मानण्याची जी मानसिकता दोन पिढ्यांत रुजली होती, तिला त्यामुळे धक्का बसला. तथापि उत्साहाच्या भरात एक वस्तुस्थिती दृष्टीआड होत आहे आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्वारी असो वा गहू, शंभर ग्रॅम पिठात पासष्ट ते सत्तर ग्रॅमच्या घरात कर्बोदकेच असतात. वैद्यक संशोधन परिषदेच्या त्याच पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय माणसाच्या एकूण ऊर्जेपैकी सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून आणि जेमतेम १२ टक्के प्रथिनांतून येते, असे त्यात आढळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे वा भरड धान्याचे पीठ खाल्ले, पण एकूण कर्बोदके तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे दिसले नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांतील प्रथिनांनी घेतला, तेव्हा तो कमी दिसला.

म्हणजे चार पोळ्यांच्या जागी चार भाकरी आल्या, एवढ्याने काम होत नाही. भाकरीच्या अभिमान्यांना हे कडू वाटेल. परंतु आपल्या पूर्वजांच्या ताटावर हा आक्षेप नाही, उलट त्या ताटाची रीत ही अशी उलगडते. वऱ्हाडात भाकरी एकटी कधी नव्हतीच. तिच्यासोबत तुरीचे घट्ट वरण होते, बेसनाचा झुणका होता, कढी होती, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी होती. पावसाळ्यात तरोटा, घोळ, चिवळ, आंबाडी या पालेभाज्या बांधावरून येत, विकत घ्याव्या लागत नसत. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी. उन्हाळ्यासाठी मुगवड्या आणि सांडगे डब्यात भरलेले. दुपारच्या शिदोरीत ताकाचा तांब्या. हे सारे सोबती गेले, आणि भाकरीचीही जागा मऊ पोळीने घेतली. आज जेव्हा 'पारंपरिक आहाराकडे वळा' असे सांगितले जाते तेव्हा लोक भाकरी आठवतात, तिचे सोबती विसरतात.

हे सोबती कसे गेले, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण त्यात कोणाचा मूर्खपणा नाही. खरिपातील ज्वारी काढणीच्या सुमारास पावसात सापडली की कणीस काळे पडते, बुरशी धरते आणि बाजारात तिला कोणी विचारत नाही. पाखरांची राखण करायला घरात माणूस नाही. डुकरे आणि रोही एका रात्रीत शेत लोळवतात. कापणी, खुडणी, मळणी या सगळ्यांना मजूर हवा. याउलट सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघते, यंत्राने मळता येते आणि दिवाळीच्या आत रोख पैसा हातात येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेल्या आधारभूत किमतीत संकरित ज्वारीला क्विंटलला ३,६९९ रुपये आहेत, सोयाबीनला ५,३२८. शेतकऱ्याने काय करावे अशी अपेक्षा आहे? मात्र ज्वारीबरोबर आणखी काय गेले, याचा हिशेब कोणत्याही किमतीत धरला गेला नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेल्यावर दावणीची जनावरे कमी झाली. जनावरे कमी झाल्यावर घरचे दूध, दही, ताक गेले आणि शेताला मिळणारे शेणखतही आटले. ज्वारीच्या ओळींत मूग-उडीद होते, बांधाला आंबाडी आणि तीळ होते, रब्बीत करडई आणि जवस होते; त्यांवर चालणारा गावचा तेलघाणा होता. एका पिकाने जागा सोडली आणि त्याच्यामागे सबंध स्वयंपाकघराने गाव सोडले. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. तेलबियांच्या जिल्ह्यात राहणारे कुटुंबही त्या आयातीचे गिऱ्हाईक झाले आहे.

शासनाची धोरणेही याच दिशेने ढकलतात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. भुकेविरुद्धची ही मोठी व्यवस्था आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु ती मुख्यतः गहू आणि तांदूळ यांचीच राहिली. कायद्यात भरड धान्याची तरतूद पहिल्यापासून असताना ज्वारी दुकानात क्वचितच दिसली आणि डाळीला त्या कायद्यात स्थानच नाही. २०२२ च्या दिवाळीपासून राज्यात काही सणांना 'आनंदाचा शिधा' शंभर रुपयांत देण्यात आला. त्या पहिल्या संचात रवा, साखर, पाम तेल आणि चणाडाळ होती. चारांतील तीन वस्तू अशा की ज्यांचा पुरवठा वाढविण्याची या समाजाला गरज नव्हती. सणाला गोडधोड हवे, हे मान्य. पण राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात ऊर्जेचा ४५ टक्क्यांहून अधिक वाटा तृणधान्यांतून येऊ नये असे म्हटले आहे. सरकारच्याच एका हाताने दिलेला सल्ला दुसऱ्या हाताच्या पिशवीत उतरत नाही, हे लक्षात आणून देणे हे शासनाच्या हितचिंतकांचे अधिक मोठे कर्तव्य ठरते.

ताटात काय असावे याबरोबर ते किती निर्मळ आहे, हा प्रश्न येतोच. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या बातम्यांनी क्षणभर महाराष्ट्र हादरला आणि मग विसरला. जे औषध फवारणाऱ्याच्या श्वासातून जीव घेते, त्याचा अंश भाजीवर, धान्यावर किती राहतो, याची तपासणी करणारी प्रयोगशाळा तालुक्याच्या गावात नसते. ग्राहकाने नुसत्या डोळ्यांनी काय ओळखावे? जे ओळखता येते तेवढे तरी ओळखावे. चकचकीत पिवळीधमक तूरडाळ ही शुद्धतेची खूण नव्हे, ती पॉलिशची खूण आहे. हळदीला भडक रंग यावा म्हणून शिसेयुक्त रंग चढविण्याचे प्रकार उघड झालेले आहेत आणि शिसे मुलांच्या मेंदूवर आघात करते. वाशिम-हिंगोलीच्या पट्ट्यात हळद पिकते. येथील गृहिणीने तयार भुकटीचे पाकीट घेण्याऐवजी ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडे घेऊन दळून आणली, तर यात कष्ट फारसे नाहीत. आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी, म्हणजे वाशिमसह पश्चिम विदर्भ आणि वर्ध्यासाठी, राज्याने २०१८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन सुरू केले. त्यातून गट उभे राहिले. पण गटाचा माल पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात जावा हीच यशाची कसोटी ठरली, तर सेंद्रिय डाळ महानगरात आणि पॉलिशची डाळ मंगरूळपीर-मानोऱ्यात, असा उलटा प्रवास याही बाबतीत होईल.

धर्मशील घरांनी आपल्या उपवासाच्या ताटाकडेही एकदा पाहावे. कारंजा ही श्रीनृसिंह सरस्वतींची जन्मभूमी. दत्तभक्तांचा गुरुवार आणि वारकऱ्यांची एकादशी या जिल्ह्यात घरोघर पाळली जाते. उपवास म्हणजे पोटाला विश्रांती. प्रत्यक्षात काय घडते? साबुदाणा, बटाटा, रताळे, वर साखर आणि पुन्हा तळण. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही टीकाकारांनी नाही, आपल्याच आजीबाईंनी केली आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मुळात दक्षिण अमेरिकेचा. त्यात पिष्टाखेरीज सांगण्यासारखे काही नाही. राजगिरा, शेंगदाणे, दही-ताक हे उपवासाचे जुने जिन्नस त्या मानाने कितीतरी सकस. भगरीच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. दमट हवेत तिला बुरशी लवकर लागते, दळून ठेवलेल्या पिठाला तर अधिकच, आणि भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना राज्यात महाशिवरात्र, नवरात्र, एकादशी या दिवसांत पुनःपुन्हा घडल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात कोष्टवाडी येथे एकादशीच्या महाप्रसादातील आमटी-भगर खाल्ल्यानंतर दोन हजारांच्या आसपास भाविक आजारी पडले. सामूहिक प्रसादाचे आयोजन करणाऱ्यांनी भगर निवडून, धुऊन, त्याच दिवशी दळून घेण्याचा नियम केला, तर त्यात श्रद्धेला कोठेही बाध येत नाही.

अलीकडे वाशिम जिल्ह्याला आणखी एका पिकाने नाव मिळवून दिले आहे, चिया. मेक्सिकोकडचे हे बी येथील रब्बीत चांगले आले, जनावरे त्याला तोंड लावत नाहीत आणि वाशिमच्या बाजारात त्याची खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर ते जरूर पेरावे, जगाला विकावे. पण आपल्या घरात ज्या गुणांसाठी चिया भिजत घातले जाते, ते ओमेगा-३ स्निग्धाम्ल जवसातही विपुल आहे. जवसाची चटणी वऱ्हाडात गरिबाच्या पाटावर असे, म्हणून तिला प्रतिष्ठा नव्हती. परदेशी नाव लागताच तेच गुण प्रतिष्ठित होतात.

मग घरात काय बदलावे? फार मोठे काही नाही. दोन वेळच्या जेवणातून एकेक पोळी किंवा भाकरी कमी करावी आणि तिच्या जागी वाटीभर घट्ट वरण, उसळ किंवा दही यावे. प्रौढ माणसाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला सुमारे पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. शंभर ग्रॅम तूरडाळीत ती बावीस ग्रॅमच्या आसपास मिळतात. ज्यांना अंडे, मासे चालतात त्यांचा हिशेब सोपा आहे. शाकाहारी घराला डाळ, दूध आणि शेंगदाणा हेच आधार आहेत आणि ते येथे पिकतात. सोयाबीन कच्चे दळून कधीही वापरू नये, त्यातील काही घटक प्रथिनांचे पचनच रोखतात. सोललेले दाणे अर्धा तास उकळत्या पाण्यात शिजवून, कडक वाळवून, दहा किलोच्या दळणात एक किलो मिसळले तर पोळीची चवही बिघडत नाही. एक इशारा येथेच द्यायला हवा. जे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी आपल्या मनाने पोळी-भात एकदम तोडू नये, रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. तसेच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. वाढत्या मुलांच्या आणि गर्भवतींच्या ताटातून काही काढण्याचा विचारच नको, त्यांच्या ताटात भरच घालायची आहे.

कार्यकर्त्यांनीही थोडे आत्मपरीक्षण करावे. दिवसभराच्या बैठकांत चार वेळा गोड चहा आणि बिस्किटे, वर्गात सकाळी पोहे, दुपारी भात, रात्री पुन्हा खिचडी हा क्रम ठरून गेला आहे. पन्नाशीतील कित्येक निष्ठावंत कार्यकर्ते प्रवासाच्या पिशवीत औषधांचा डबा घेऊन हिंडतात, त्यामागे हा क्रमही आहे. वसतिगृहे, शिशुमंदिरे, सेवा प्रकल्प यांच्या स्वयंपाकघरांपासून बदल सुरू करता येईल, कारण तेथील ताट ठरविण्यासाठी कोणाच्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. नानाजी देशमुखांचे जन्मगाव कडोळी वाशिमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. चित्रकूटच्या परिसरात त्यांनी दीड एकराच्या जमिनीवर एका कुटुंबाचे पोट आणि पोषण दोन्ही भागावे असा आराखडा शेतकऱ्यांसमोर ठेवला. त्यात धान्याइतकेच महत्त्व परसबागेला होते. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले तेव्हा वऱ्हाड-मराठवाड्यात सत्काराच्या सभा झाल्या. त्या दीड एकराचा नकाशा मात्र त्यांच्या जन्मगावाच्या आसपास फारसा उलगडला गेला नाही.

सोयाबीन एका हंगामात हटणार नाही, आणि हटविण्याचा हट्टही नको. त्याच्या ओळींत आंतरपीक म्हणून तूर आजही उभी आहे, हीच जमेची बाजू. शेतकऱ्याच्या घरची तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात जाते आणि तीच डाळ होऊन जवळपास दुप्पट दराने दुकानातून घरी परतते. या फेऱ्याला उत्तर म्हणून अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही मिनी दाल मिल' कधीच तयार करून ठेवली आहे. एका खोलीत मावणारे ते यंत्र आहे. रिसोड, मालेगाव, मानोरा या तालुक्यांतील पाच-दहा गावांत महिला बचत गटांनी ते बसविले, गावाच्या तुरीपैकी वर्षभराच्या खाण्यापुरती तूर आधी तेथे आणि उरलेली मग बाजार समितीत, असा क्रम लावला, तर येत्या संक्रांतीनंतरच्या ताटात पॉलिश न केलेल्या, गावच्या डाळीचे वरण असेल.